बेबीताईचा उजवा घोटा

भिलाईजवळच्या कुरुदच्या आमच्या गल्लीत भरलेलं सिलिंडर गाडीवरून उतरवून थेट स्वयंपाकघरात नेऊन ठेवणारी बाई एकच होती, बेबीताई. सिलिंडरवाल्यानं हात लावला तरी ती म्हणायची, "सरक बाजूले, तुले नाही जमत." आमगावकडच्या एका खेड्यात धानाचे भारे वाहत वाढलेली बाई. अंगानं दणकट, आवाजही तसाच. नवरा तेजराम स्टील प्लांटमध्ये फिटर लागला आणि लग्नानंतर ती प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरात आली. बरीच वर्षं मूलबाळ नव्हतं. मग उशिरा हर्षा झाली. नोकरीची शेवटची वर्षं राहिली तेव्हा त्यांनी कुरुदला दोन खोल्यांचं घर बांधलं आणि क्वार्टर सोडलं.

रिटायर झाल्यावर वर्षभरातच तेजरामला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. एक शब्द तेवढा राहिला, "चाल." पाणी पाहिजे असलं तरी चाल, ऊन डोळ्यावर आलं तरी चाल, राग आला तरी चाल. बाहेरच्या माणसाला काही कळत नसे. बेबीताईला सगळं कळायचं. ती आतूनच ओरडायची, "आली जी, आली. परदा लावतो."

तिनं त्याला खाटेला चिकटू दिलं नाही. त्याच्या दोन्ही काखांतून हात घालायची, आपला गुडघा त्याच्या गुडघ्याला लावायची आणि "हं, उठा" म्हणत त्याला उभं करायची. संडासला नेणं, अंघोळ घालणं, अंगणात खुर्चीवर बसवणं, सगळं ती एकटी करायची. हर्षा तोवर रसमड्याच्या एका कारखान्यात लॅबमध्ये लागली होती. सकाळी स्कूटी घेऊन निघायची ती दिवस मावळता परतायची. घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि बेबीताईला कोणी पाहिजेही नव्हतं.

त्या दिवशी हर्षा नुकतीच गेली होती. बेबीताईनं तेजरामला बाथरूममध्ये स्टुलावर बसवून अंघोळ घातली, अंग पुसलं आणि नेहमीसारखं उठवलं. त्याचा चांगला पाय साबणाच्या पाण्यावरून सरकला. तो आडवा तिच्या अंगावर आला. तिचा उजवा पाय उंबऱ्याच्या कोपऱ्यात अडकला होता. शरीर फिरलं, पाय तिथेच राहिला. वाळलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि दोघंही फरशीवर पडली, ती खाली आणि तो वर.

त्याला उठता येत नव्हतं आणि तिला त्याच्याखालून निघता येत नव्हतं. तिनं पायाकडे पाहिलं तर पाऊल भलतीकडेच वळलेलं. "माय वं!" एवढंच तिच्या तोंडून निघालं. तेजराम तिच्या खांद्यावर तोंड ठेवून म्हणत राहिला, "चाल, चाल, चाल." शेजारची भाडेकरू करिष्मा कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात आली तेव्हा तिला हाका ऐकू गेल्या. समोरचं दार आतून लावलेलं होतं. गल्लीतल्या दोघातिघांनी ते धक्के मारून उघडलं. तोवर तेजराम थंडीनं कुडकुडायला लागला होता. बेबीताईनं पहिलं काय सांगितलं तर, "आधी त्यायले उचला. टावेल टाका त्यायच्या अंगावर."

दुर्गला पद्मनाभपुरातल्या हाडांच्या दवाखान्यात तिला नेलं. डॉक्टर तरुण होता, पण घाईचा नव्हता. त्यानं एक्सरे खिडकीसमोर धरून हर्षाला दाखवला. पायाच्या दोन हाडांपैकी बाहेरचं बारीक हाड घोट्याच्या वर मोडलं होतं. पण त्याहून मोठी गोष्ट दुसरीच होती. ती दोन हाडं खालच्या बाजूला ज्यानं एकमेकांना बांधलेली असतात ते लिगामेंट तुटलं होतं आणि घोट्याच्या आतल्या बाजूचंही फाटलं होतं. त्यामुळे सांधा आतून फाकला होता. डॉक्टर म्हणाला, "हड्डी तो जुड़ जाएगी माताजी. असली काम लिगामेंट का है. उसको टाइम देना पड़ेगा."

सूज इतकी होती की लगेच चीर देता येत नव्हती. सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत पाय उंच टांगून वाट पाहिली. मग ऑपरेशन झालं. कमरेत सुई दिल्यामुळे ती जागी होती. दुखत नव्हतं, पण ड्रिलचा आवाज तिला ऐकू येत होता आणि हाड हलताना सगळं अंग हलत होतं. मोडलेल्या हाडावर प्लेट बसवली आणि दोन लांब स्क्रू एका हाडातून दुसऱ्या हाडात घालून ती दोन्ही एकमेकांजवळ आणून घट्ट केली. दवाखान्यातून निघताना डॉक्टरनं तिच्याकडे पाहून सांगितलं, "दो महीना ये पैर ज़मीन पे नहीं लगेगा. उँगली भी नहीं. ये दो स्क्रू आपके वजन के लिए नहीं हैं."

"हव," ती म्हणाली.

घरी आली तेव्हा तेजराम खाटेवर पडून दाराकडे पाहत होता. ती दवाखान्यात असताना हर्षानं सुट्टी काढून कसंबसं निभावलं होतं. आता धोंडबा नावाचा एक माणूस सकाळी आणि संध्याकाळी येऊन त्याचं सगळं करून जायचा. मधल्या दुपारी त्याला उचलणारं कोणी नसायचं. करिष्मा डोकवायची, जेवण द्यायची, पण एका परक्या बाईनं तेजरामला उचलून नेणं तिलाही आणि त्यालाही शक्य नव्हतं. डायपर लावलं तर तो डाव्या हातानं ओढून फाडायचा. सुट्टीच्या दिवशी हर्षानं लघवीचं भांडं पुढे केलं, तेव्हा त्यानं ते हातानं उडवलं आणि भिंतीकडे तोंड करून रडला. हर्षा भांडं उचलून बाहेर गेली. 

त्यानंतर तेजरामनं पाणी सोडलं.

आधी कोणाच्या ध्यानात आलं नाही. धोंडबा गेल्यावर तो तोंड मिटून घ्यायचा. करिष्मानं ग्लास लावला की पाणी हनुवटीवरून गळ्यात जायचं. ती समजायची, गिळता येत नसेल. बेबीताई समोरच्या खाटेवर उशांवर पाय ठेवून पडलेली असायची. तिला तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याचे ओठ दिसले. साल निघालेले, पांढरे पडलेले. तिनं धोंडबाला लघवीचा रंग विचारला. तो म्हणाला, "लाल चहासारखा हाय ना."

दुपारी दोघंच असताना ती म्हणाली, "पानी घ्या जी. थोडसंक घ्या."

तेजरामनं मान हलवली.

"कावून? संडासले कोन नेईल म्हणून?"

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग तिच्या बुटातल्या पायाकडे पाहिलं. टाके काढल्यावर डॉक्टरनं तिला गुडघ्यापर्यंतचा पट्ट्यांचा बूट दिला होता.

बेबीताईनं वॉकर ओढला. तीन लंगड्या उड्यांत ती त्याच्या खाटेपाशी गेली, ग्लास भरून त्याच्या ओठाला लावला आणि म्हणाली, "प्या. मी हावो ना. मी नेतो." तो प्यायला. सगळा ग्लास प्यायला. आणि थोड्या वेळानं त्याचा हात हलला, "चाल."

कमोडची खुर्ची खाटेला लागूनच होती. त्याला फक्त उचलून वळवून बसवायचं होतं. पण एका पायावर उभं राहून दुसऱ्या माणसाला उचलता येत नाही. तिनं करून पाहिलं, नाही जमलं. मग तिनं उजवा पाय खाली टेकवला. आधी बोटं, मग टाच. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिनं दात आवळले, काखांतून हात घातले आणि म्हणाली, "हं, उठा."

ती दुपार निभली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, आणि मग रोजचंच झालं. गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या होत्या, ती दुपारीही एक घ्यायला लागली. हर्षा यायच्या आधी पाय पुन्हा उशांवर जायचा. सूज दिसू नये म्हणून ती बुटावर चादर ओढून घ्यायची. तेजरामचे ओठ सुधारले. तो वरण-भात खायला लागला. एकदा खुर्चीवर बसवल्यावर त्यानं डाव्या हातानं तिचा गाल चोळला आणि ती हसली, "काम पडलं का लाड सुचते तुमाले." तिनं मला नंतर सांगितलं, इतक्या आजारपणात तेवढेच दिवस बरे गेले.

एका दुपारी त्याला वळवताना बुटात काहीतरी तटकन झालं. दुखणं फारसं वाढलं नाही, उलट पाय जरा मोकळा झाल्यासारखा वाटला. तिनं त्याला बसवलं, पुन्हा उठवलं, पुन्हा झोपवलं. बोलली कोणालाच नाही.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरनं नवा एक्सरे खिडकीशी धरला आणि जुना त्याच्याशेजारी लावला. दोन्ही लांब स्क्रू मधोमध तुटले होते. हाडं पुन्हा एकमेकांपासून लांब सरकली होती आणि घोट्याचा सांधा एका बाजूनं उघडला होता.

"माताजी, पैर रखा था?"

"नही साहब."

"इतनी जल्दी दोनों स्क्रू ऐसे नहीं टूटते."

हर्षा हसून म्हणाली, "सर, मम्मी तो बेड से उतरती ही नहीं." आणि आईकडे पाहिलं. बेबीताई टेबलावरच्या काचेकडे पाहत होती. हर्षाचं हसू तिथेच राहिलं.

"रखा था," बेबीताई म्हणाली. "रोज रखा था."

डॉक्टर रागावला नाही, त्यामुळे दोघींना अजूनच वाईट वाटलं. त्यानं सांगितलं की पुन्हा उघडावं लागेल. तुटके स्क्रू काढायचे, मध्ये भरलेलं मांस साफ करायचं, हाड जागेवर आणून या वेळी मजबूत दोऱ्यानं आणि नव्या स्क्रूनं बांधायचं, आतलं लिगामेंटही शिवायचं. आणि हेही गेलं तर पुढे सांधा कायमचा जाम करण्यावाचून काही उरणार नाही.

 घरी आल्यावर हर्षानं आईला ऑटोतून उतरवून खाटेवर बसवलं आणि मग तिचा बांध फुटला.

"झूठ कावून बोलली तू? मले नाही, डॉक्टरले! मी तिथे मूर्खासारखी हसून राहिली होती."

"तुह्या बापानं पानी सोडलं होतं, हर्षा."

"तर मले सांगायचं ना! मैं कौन हूँ इस घर में?"

"तुले सांगून तू का केलं असतं? तुह्या हातून ते घेते का?"

 हर्षाचा बाप समोरच होता. त्याला बोलता येत नसलं तरी ऐकू सगळं येत होतं. त्यानं डोळे मिटून घेतले होते, पण झोपलेल्या माणसाच्या पापण्या अशा थरथरत नाहीत.

त्याच संध्याकाळी हर्षानं आमगावला काकाला फोन लावला. जानराव हा तेजरामचा धाकटा भाऊ. शेती करतो. घरात त्याची दोन मोठी मुलं, सुना, माणसांचा राबता. तो एका शब्दात हो म्हणाला, "दादाले घेऊन येतो. वहिनी उभी होईपर्यंत राहू दे आमच्याकडे." बेबीताईनं विरोध केला नाही. तिला विरोध करायला तोंड नव्हतं.

जानराव मुलाला घेऊन गाडीनं आला. दोघांनी तेजरामला हातांच्या पाळण्यात उचललं. इस्त्रीचा सदरा घातलेला, केस विंचरलेले. त्याला वाटलं, सगळीच निघाली. गाडीत मागच्या सीटवर बसवल्यावर त्यानं शेजारची जागा डाव्या हातानं झटकली आणि दारात वॉकर धरून उभ्या असलेल्या बेबीताईकडे पाहून म्हणाला, "चाल."

"तुमी जा समोर जी. मी येतो मागून," ती म्हणाली.

"चाल."

"येतो म्हटलं ना. पाय चांगला झाला का येतोच."

त्यानं पुन्हा जागा झटकली. जानरावनं दार लावलं तर त्यानं काचेवर हात आपटला. गाडी गल्लीच्या तोंडाला वळेपर्यंत त्याचं तोंड हलताना दिसत होतं. आवाज येत नव्हता, पण तो काय म्हणतो ते गल्लीतल्या सगळ्यांना कळत होतं. आम्ही आपापल्या दारात उभे होतो. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा लांबलं. या वेळी जखमेतून पाणी येत राहिलं, ताप आला, म्हणून दवाखान्यातला मुक्काम वाढला. रोज आमगावला फोन व्हायचा. जानराव म्हणायचा, दादा मजेत आहे, ओसरीवर बसतो, पोरं त्याला बैल दाखवायला नेतात. फोन त्याच्या कानाला लावला की पलीकडून श्वास ऐकू यायचा. बेबीताई एकटीच बोलायची. तो "चाल" म्हणत नव्हता. गाडी गेली त्या दिवसापासून त्यानं तोही शब्द टाकला होता.

ती घरी येऊन थोडेच दिवस झाले असतील. सकाळी हर्षा डबा भरत होती तेव्हा फोन आला. पहाटेच दुसरा झटका आला होता. आमगावच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पाय खाली सोडायचा नाही, असं डॉक्टरचं म्हणणं होतं. बेबीताई म्हणाली, "नाही सोडत. पण जातो." गाडीच्या मागच्या सीटवर तिला आडवं झोपवलं, पाय उशांवर. राजनांदगाव, डोंगरगड मागे पडलं, ती गाडीच्या छताकडे पाहत होती. हर्षा पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती. सगळ्या रस्त्यात तिनं एकदा पाणी विचारलं, बेबीताईनं नको म्हटलं.

जानरावच्या अंगणात त्याला ठेवलं होतं. बायका बाजूला झाल्या. बेबीताईला खाली बसता येत नव्हतं, उभं राहता येत नव्हतं. जानरावच्या दोन सुनांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, खुर्ची दोन्ही बाजूंनी उचलली आणि तशीच त्याच्याभोवती फिरवली. तिचा बुटातला पाय पुढे ताठ निघालेला. आयुष्यभर दुसऱ्यांना उचलणारी बाई त्या खुर्चीत अंग चोरून बसली होती. चेहऱ्याजवळ आल्यावर ती वाकली, पण हात पोचला नाही. सुनांना ते कळलं नाही, त्या पुढे सरकल्या. तेव्हा ती मोठ्यानं ओरडली. आमच्या गल्लीत जो आवाज आम्ही रोज ऐकायचो, तोच.

सगळं झाल्यावर जानरावची बायको हिरा तिच्याजवळ येऊन बसली. समजूत घालायची म्हणून ती म्हणाली, "भाऊजीचे हाल नाही झाले बाई. पोट भरून जेवत. पानी तर मागून मागून पेत, ग्लासाकडे बोट दाखवत. पोरं होते ना घरात उचलाले. कायची फिकर नव्हती त्यायले."

बेबीताई म्हणाली, "हव. मग बरं झालं." हिराला वाटलं तिला धीर आला. तिनं बेबीताईचा हात थोपटला आणि ती चहा ठेवायला उठली.

त्यानंतर बेबीताई खाटेवर पडून राहिली. कोणाला उचलायचं नव्हतं, कोणाची हाक येत नव्हती. करिष्मा ताट आणून द्यायची ते ती खायची, औषध वेळेवर घ्यायची. जखम भरली. पुढच्या तपासणीला डॉक्टरनं एक्सरे खिडकीशी धरला आणि त्याचा चेहरा खुलला. हाडं जागच्या जागी होती, सांधा बंद होता. तो म्हणाला, "देखा माताजी? इस बार आपने ठीक से परहेज़ किया."

बाप गेल्याचं त्याला सांगायला हर्षानं तोंड उघडलं होतं. बेबीताईनं तिच्या मनगटावर हात ठेवला. "हव साहब," ती म्हणाली, "अबकी बार किया."

आता ती काठी घेऊन चालते. भाजीच्या गाडीपर्यंत जाते. चढावर पाय दुखतो, दिवसभरानं घोटा सुजतो आणि तिला मांडी घालून बसता येत नाही. सिलिंडरवाला आत आणून ठेवतो, ती काही बोलत नाही. हर्षासाठी भिलाईतलंच एक स्थळ आलं होतं. हर्षानं पुढच्या वर्षी पाहू म्हणून टाळलं.

परवा सकाळी मी वाटी परत द्यायला गेले तर मायलेकी चहा पीत होत्या. माझ्याकडे लक्ष नसल्यासारखं हर्षानं एकदम विचारलं, "आई, तेव्हा पहिल्याच दिवशी कावून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तू नोकरी सोडली असती."

"हव, सोडली असती."

"म्हणूनच."

"त्याच्यापेक्षा ते बरं झालं असतं," हर्षा म्हणाली.

 हर्षानं कप मोरीत ठेवला, हेल्मेट घेतलं आणि स्कूटी बाहेर काढली. बेबीताई फाटकापर्यंत गेली, फाटक लावलं आणि तिथेच कठड्याला धरून दुखरा पाय जरा उचलून उभी राहिली. मी म्हटलं, "बसा ना ताई." ती म्हणाली, "बसून बसून का करू?" आणि आत जाऊन भांडी घासायला लागली.